प्रवरेच्या उगमाकडे : एका दिवसाच्या पायपिटीचा बेत

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींच्या बाबतींत ती खुशाल पाळावी. परंतु ज्या नदीचें पाणी आपण पिढ्यान् पिढ्या पितों, जिच्या पाटाच्या पाण्यावर आपलीं शेतें पिकतात, तिचें मूळ एकदां तरी डोळ्यांनीं पाहून यावें, असें आम्हांस वाटतें. कोल्हारकरांस तर ही गोष्ट मुळींच दुर्घट नाहीं. अहिल्यानगरहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरहून, मनमाडकडे जाणारा हमरस्ता कोल्हारापाशीं प्रवरा ओलांडतो, आणि तेथूनच दुसरा एक रस्ता पश्चिमेकडे फुटतो. त्याचें नांवच मुळीं कोल्हार–घोटी रस्ता. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर अशीं गांवें घेत तो नदीच्या सोबतीनें सह्याद्रीस भिडतो आणि शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक अंतर तोडून भंडारदऱ्याच्या जलाशयापाशीं शेंडी या गांवीं पोहोंचवितो. हजारों लोक या रस्त्यानें जातात, पण बहुतेक मंडळी धरणाची भिंत पाहून, कणीस खाऊन, चार छायाचित्रें काढून माघारीं वळतात. नदी मात्र त्या भिंतीपाशीं जन्मास आलेली नाहीं. जलाशयाच्या पलीकडच्या टोंकास रतनगडाच्या डोंगरांत तिचा उगम आहे, आणि तेथवर जाण्यास पायच चालवावे लागतात. जंगलांतून गडावर चढून, दुसऱ्या बाजूनें उतरून, जलाशयास पुरी प्रदक्षिणा घालून एका दिवसांत परत कसें यावें, याचा बेत आमच्या वाचक कुटुंबांसाठीं येथें मांडीत आहों.

प्रथम वाटेंतील मुलुखाविषयीं दोन शब्द. कोल्हारच्या पंचक्रोशींत वर्षाकाठीं वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तोच याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, घाटघर येथें, पांच हजार मिलिमीटरांच्या घरांत म्हणजे दोनशें इंचांच्या जवळपास जातो. म्हणून घाटघरास लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्यास अडून तेथेंच रिते होतात, आणि पूर्वेकडे सरकतांना त्यांच्यांत फारसें कांहीं उरत नाहीं. एका जिल्ह्यांत दहापट अंतर पडण्याचें कारण हें एवढेंच आहे. गाडींत बसून तीनचार तासांच्या प्रवासांत मुलांना हा फरक खिडकींतून दिसतो. उसाचे मळे मागें पडतात, अकोल्याच्या पुढें डोंगर जवळ येऊं लागतात, राजुरानंतर भाताचीं खाचरें लागतात, आणि माती काळ्याची तांबूस होते. भूगोलाच्या पुस्तकांतील पर्जन्यछायेचा धडा याहून चांगला समजावून देतां येणार नाहीं.

वाटेंत लोणी लागतें. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें उभारलेला सहकारी साखर कारखाना येथीलच. तो या नदीच्याच पाण्यावर वाढलेल्या उसाचा. अकोल्यास प्रवरेच्या कांठीं अगस्ति ऋषींचें स्थान आहे. तेथें घटकाभर थांबावें. राजुराच्या पुढें, शेंडीच्या अलीकडे सुमारें दहा किलोमीटरांवर, रंधा येथें नदी दीडशें फुटांहून अधिक उंचीवरून खोल घळींत उडी घेते. पावसाळ्यांत किंवा धरणांतून पाणी सोडलें असतां तो देखावा पाहण्यासारखा असतो. एरव्हीं कोरडा कडाच पाहावयास मिळतो. ओल्या खडकाच्या कडेस जाऊन खालीं वांकण्याचा मोह मोठ्यांनींहि आवरावा.

आतां धरण. प्रवरेवरील या भिंतीच्या कामास १९१० सालीं आरंभ झाला आणि १९२६ च्या डिसेंबरांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें धरणाचें उद्घाटन झालें. म्हणून त्यास विल्सन धरण म्हणतात. भिंतीची उंची २७० फूट आहे आणि जलाशयांत अकरा अब्ज घनफुटांहून किंचित् अधिक पाणी मावतें. तें पाणी नदीच्याच पात्रांतून खालीं येतें, संगमनेर तालुक्यांत ओझर येथील बंधाऱ्यापाशीं उजव्या व डाव्या कालव्यांत वळतें, आणि मग आपल्या शेतांत शिरतें. १९६९ सालीं भिंतीस भेगा पडल्या, तेव्हां खालच्या बाजूनें जाड धिरे देऊन ती मजबूत करण्यांत आली; ते धिरे आजहि दिसतात. अलीकडे खालच्या अंगास निळवंडे येथें दुसरें धरण झालें असून त्याच्या डाव्या कालव्याचें लोकार्पण २०२३ च्या ऑक्टोबरांत झालें. एका नदीवर इतक्या माणसांचा भार आहे, हें भिंतीपाशीं उभें राहून मुलांस सांगावें. मग पुढची चढण त्यांस निरर्थक वाटणार नाहीं.

प्रवासास ऋतु कोणता निवडावा, हा पहिला प्रश्न. पावसाळ्यांत हा मुलूख अतिशय रम्य असतो, परंतु गडाची वाट त्या दिवसांत कुटुंबांसाठीं नव्हे. ओढे घटकेंत फुगतात, कातळावर शेवाळें चढतें, आणि धुकें इतकें दाटतें कीं दहा पावलांवरचा माणूस दिसत नाहीं. ज्येष्ठाच्या आरंभीं, पहिल्या सरींच्या आगेंमागें, येथील झाडें काजव्यांनीं लखलखतात. तें पाहण्यास लोटणाऱ्या गर्दीनें आणि मोटारींच्या दिव्यांनीं त्या बिचाऱ्या किड्यांचे हाल होतात, हें वेगळें सांगावयास नको. चैत्र-वैशाखांत ऊन कडक असून पाण्याची वानवा असते. म्हणून दसऱ्यानंतर वाट वाळली कीं तेथपासून माघ महिन्यापर्यंतचा काळ उत्तम. मार्गशीर्षांतील एखादा दिवस आम्ही पसंत करूं. त्या वेळीं हवा कोरडी व थंड असते, जलाशय भरलेला असतो, आणि खाचरांतून भाताची कापणी उरकलेली असते. मात्र दिवस लहान, सुमारें अकरा तासांचा असतो, ही गोष्ट बेत आंखतांना विसरूं नये.

दुसरा प्रश्न, कोणीं जावें. आपल्या घरांतून याविषयीं दोन टोंकाचीं मतें असतात. आजीबाई म्हणतात, मुलींना कशाला डोंगर चढायला न्यायचें; आणि कॉलेजांतला नातू म्हणतो, सगळ्यांनींच चला, त्यांत काय अवघड आहे! दोघांचेंहि म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. बारा वर्षांची निरोगी मुलगी हा गड चढूं शकते, आणि गुडघेदुखी असलेला चाळिशींतला गृहस्थ चढूं शकत नाहीं. येथें प्रश्न स्त्रीपुरुषांचा नसून सवयीचा व प्रकृतीचा आहे. गडाच्या माथ्यापर्यंत सुमारें साडेपांचशें मीटर चढावें लागतें. ज्यांस महिनाभर आधीं रोज तासभर झपझप चालण्याची व जिने चढण्याची सवय करतां आली, त्यांनींच चढणाऱ्यांच्या तुकडींत नांव द्यावें. हृदयविकार, दमा किंवा उंचावर घेरी येण्याची खोड असलेल्यांनीं घरच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो मानावा.

उरलेल्या मंडळींनीं मन खट्टू करण्याचें कारण नाहीं. आमच्या बेतांत दोन तुकड्या आहेत आणि दोघांचीहि प्रदक्षिणा पुरी होते. आदल्या रात्रीं सर्वांनीं शेंडीस किंवा रतनवाडीस मुक्काम करावा. गांवांतून घरगुती जेवणाची व निजण्याची सोय होते, ती आगाऊ ठरवावी. सकाळीं चढणारी तुकडी रतनवाडीहून गडाकडे निघेल. वडील मंडळी व लहान मुलें सावकाश देऊळ पाहतील आणि दुपारीं गाडीनें पुढच्या साम्रद गांवीं जाऊन थांबतील. गड उतरून आलेली तुकडी तेथें भेटली कीं सर्वांनीं मिळून घाटघर, पांजरे, मुरशेत या मार्गानें शेंडीस यावें. आदल्या दिवशीं शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे करीत रतनवाडीस आलां असाल, तर जलाशयाभोंवतींचें वर्तुळ येथें पूर्ण होतें.

सामानाविषयीं थोडक्यांत. पायांत पकड घेणारे, पूर्वीं वापरून सैल झालेले बूट असावेत. नवे बूट त्या दिवशीं प्रथम चढविणें म्हणजे फोडांस आमंत्रण होय. स्त्रियांनीं पातळाचा आग्रह सोडून सलवार किंवा विजार वापरावी, कारण शिड्यांवर निऱ्या पायांत येतात. प्रत्येकानें तीन लिटर पाणी स्वतः उचलावें. गडावर पाण्याचीं टांकीं आहेत, पण तें पाणी उकळल्यावांचून पिऊं नये. न्याहारीस दशम्या, थालिपिठें, दाण्याची चटणी, गूळ आणि लाडू यांसारखें टिकाऊ अन्न न्यावें. लिंबू, मीठ व साखर जवळ असावी. पट्ट्या, जंतुनाशक औषध, ज्याचीं त्याचीं नेहमींचीं औषधें, एक शिटी, एक विजेरी व पंचवीसएक हात दोर हें तुकडीच्या सामानांत हवें. दऱ्यांतून मोबाईलचा भरंवसा धरूं नये. सकाळीं निघतांना आपण किती जण, कोणत्या वाटेनें आणि किती वाजतां साम्रदास पोहोंचणार, हें मागें राहणाऱ्या मंडळींस कागदावर लिहून द्यावें.

सर्वांत महत्त्वाची सोबत म्हणजे गांवचा वाटाड्या. येथील वस्ती बहुतांशीं महादेव कोळी व ठाकर समाजाची आहे. इंग्रजांविरुद्ध उठाव करून १८४८ च्या मे महिन्यांत ठाण्यास फांशीं गेलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यांतील देवगांवचे. या लोकांस प्रत्येक ओढा व प्रत्येक झाड ठाऊक असतें. वाटाड्यास ‘अहो दादा’ किंवा ‘मामा’ म्हणून आदरानें हांक मारावी, मोबदला आधीं ठरवून त्यांत घासाघीस करूं नये, आणि वाटेविषयीं त्याचा शब्द अखेरचा मानावा. शहरांतून आलेल्या माणसास नकाशा वाचतां येतो म्हणून डोंगर वाचतां येतो असें नाहीं.

आतां प्रत्यक्ष वाट. रतनवाडींतून साडेसहाच्या सुमारास निघावें. पण निघण्यापूर्वीं अमृतेश्वराचें दर्शन घ्यावें. हें देऊळ शिलाहार राजा झंझ यानें बांधविलें अशी समजूत आहे. काळ्या पाषाणांतील त्याचें शिखर व खांबांवरील कोरीव काम पाहण्यास तास पुरणार नाहीं, म्हणून तें वडील मंडळींच्या वांट्यास ठेवावें. जवळच विष्णूच्या मूर्ति कोनाड्यांतून बसविलेली सुरेख पुष्करणी आहे. अमृतेश्वर, अमृतवाहिनी हीं नांवें येथल्या लोकांनीं देवास व नदीस सारख्याच प्रेमानें दिलीं आहेत. याच नदीच्या कांठीं, पुष्कळ खालीं नेवासें येथें, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, याची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

देवळामागून वाट ओढ्याच्या कडेनें जाते. हीच प्रवरा, उडी मारून ओलांडतां येईल एवढी. ओढा दोनतीनदां ओलांडून वाट दाट रानांत शिरते. आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, उंबर अशीं उंच झाडें आणि खालीं कारवीचें रान. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदांच फुलते आणि मग सारा उतार निळाजांभळा होतो. रानांत बिबट्या, तरस, भेकर व शेकरूं यांची वस्ती आहे. गलका न करतां चाललें तर शेकरूं कदाचित् दिसेल. बिबट्या सहसा दिसत नाहीं आणि दिसूं नये हेंच बरें. दगडांवर हात ठेवण्यापूर्वीं पाहावें, कारण या मुलुखांत फुरशांची भीति असते. कड्यांस आग्या माशांचीं पोळीं असतात. त्यांच्या आसपास धूर, अत्तर व आरडाओरड वर्ज्य.

दीडएक तासानें वाटेस फांटा फुटतो. एक वाट कात्राबाईच्या खिंडीनें हरिश्चंद्रगडाकडे जाते. ती आपली नव्हे. आपण उजवीकडे चढावें. चढण येथून उभी होते व शेवटीं कड्यास लावलेल्या लोखंडी शिड्या येतात. एका वेळीं एकानेंच चढावें, खालच्यानें दगडाच्या माऱ्यांतून बाजूस उभें राहावें, आणि वानरें असतील तर पिशव्या बंद ठेवाव्या. शिड्यांच्या वर गणेश दरवाजा लागतो. येथें घड्याळ पाहावें. नेहमींच्या चालीनें दहा वाजलेले असतात. अकरा वाजून गेले असतील किंवा तुकडींतील एकाचाहि पाय दुखावला असेल, तर पुढें न जातां आल्या वाटेनें परतावें. हा नियम घरीं असतांनाच सर्वांकडून कबूल करून घ्यावा. गडावर उभें राहून त्याची चर्चा करूं लागलें म्हणजे उत्साही मंडळींचेंच बहुमत होतें.

दरवाज्याच्या आंत रत्नादेवीची गुहा आहे. पुढें हनुमान दरवाज्यानें माथ्यावर येऊन राणीचा हुडा नांवाचा पडका बुरूज, टांकीं व कोंकण दरवाजा पाहात नेढ्याकडे जावें. गडाची उंची सुमारें १३०० मीटर. नेढें म्हणजे डोंगराच्या माथ्यास आरपार पडलेलें भोंक. त्यांत आठदहा माणसें सुखानें बसतात, पण वारा अंगावरचें उपरणें उडवून नेईल इतका असतो. उत्तरेस अलंग, मदन, कुलंग आणि त्यांच्या पूर्वेस महाराष्ट्रांतील सर्वांत उंच कळसूबाई, १६४६ मीटर. दक्षिणेस कात्राबाई व आजोबा. पश्चिमेस कोंकणांत तुटलेले कडे. आणि पूर्वेस पायाशीं पसरलेला निळा जलाशय. ज्या पाटावर आपण लहानपणीं डुंबलों त्याचें पाणी कोठें सांठतें, हें येथून एका दृष्टिक्षेपांत कळतें.

पण येथें बसून आणखी एक गोष्ट पाहावी. जलाशयाच्या कांठांवर व डोंगरांच्या कुशींत लहान लहान पाडे विखुरलेले दिसतात. दोनशें इंच पाऊस ज्यांच्या छपरांवर कोसळतो, त्यांतील कित्येक पाड्यांच्या बायकांना उन्हाळ्यांत हंडे घेऊन पाण्यासाठीं वणवण करावी लागते. कारण उघड आहे. काळ्या कातळाचा हा उभा उतार पाणी धरून ठेवीत नाहीं; तें धांवत जलाशयांत जातें, आणि जलाशय पाड्यांच्या पुष्कळ खालीं असून त्यांतील पाणी खालच्या मुलुखासाठीं बांधलेलें. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हें वाक्य येथील लोकांच्या तोंडीं आहे, तें उगीच नव्हे. आपल्या उसाच्या व नळाच्या पाण्यामागें या पाड्यांचा त्याग आहे. त्याचा विसर पडूं न देणें हा या सहलीचा खरा लाभ, आणि येथें आणलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या त्यांच्याच ओढ्यांत टाकून जाणें यासारखी कृतघ्नता नाहीं. हा सारा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखलेला आहे. प्रवेशकर भरावा, विस्तव पेटवूं नये, ध्वनिवर्धक लावूं नये, आणि नेलेला कचरा पिशवींत बांधून परत आणावा.

फराळ करून साडेबारांस उतरूं लागावें. नेढ्यापलीकडे त्र्यंबक दरवाजा आहे. त्याच्या खडकांत खोदलेल्या पायऱ्या उभ्या व कोठें कोठें ओलसर असतात. तेथें कड्याकडे तोंड करून उतरणें सोयीचें. दोर उपयोगीं पडतो तो येथें, विशेषतः मुलांना. पुढें खुटा नांवाच्या सुळक्यास वळसा घालून वाट पुन्हां रानांत शिरते आणि दोनअडीच तासांत साम्रदास पोहोंचविते. दमलेल्या पायांस उतार चढापेक्षां अधिक छळतो. तरी घाई करूं नये. साम्रदाजवळ सांधणची प्रसिद्ध घळ आहे. ती याच दिवशीं उरकण्याचा विचार मनांत आणूं नये. तिला वेगळा दिवस हवा, आणि आभाळ भरून आलेलें असतां तर तिच्यांत पाऊलहि टाकूं नये.

साम्रदास गरम चहा मिळेल आणि वडील मंडळी वाट पाहात असतील. परततांना घाटघरच्या कड्यावर पंधरा मिनिटें थांबून कोंकण पाहावें. २५० मेगावॉट वीज निर्माण करणारा उदंचन प्रकल्प येथें आहे. रात्रीं पाणी वर चढवावयाचें व दिवसा खालीं सोडून वीज करावयाची, ही त्याची युक्ति मुलांस समजावून सांगण्याजोगी आहे. सूर्यास्तापूर्वीं शेंडी गांठावी. रात्रीं घाटरस्त्यानें कोल्हारास परतण्याची उतावीळ करूं नये. दिवसभर चाललेल्या चालकाच्या डोळ्यांवर झोंप येते. एक रात्र आणखी राहून दुसऱ्या दिवशीं सावकाश निघावें. वाटेंत मुलांस प्रवासवर्णन लिहावयास सांगावें, आणि घरीं आल्यावर पहिलें काम म्हणून वाटाड्यास मंडळी सुखरूप पोहोंचल्याचा निरोप धाडावा. तो त्याची वाट पाहात असतो.